माणसापुरती मिळकत

माणसाला सुखाने जगावयास किती मिळकत लागते? हा प्रश्न वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरच्या हिशेबाचा वाटतो. परंतु आमच्या समाजाच्या बाबतीत त्याचे उत्तर शेकडो वर्षे दुसऱ्यानेच देऊन ठेवले होते. गावकीची कामे करणाऱ्या महाराच्या घरात खाणारी तोंडे किती, हे मोजून त्याचे बलुते कधी ठरले नाही. खळ्यावर पडेल ते धान्य, दारी मिळेल ती शिळी भाकर आणि हाक येईल तेव्हा चाकरी, असा तो व्यवहार होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतनाचे बिल मांडले, ते या व्यवहाराच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. कनिष्ठ गावकी वतने कायद्याने रद्द व्हावयास मात्र १९५८ साल उजाडावे लागले. वतन गेले, परंतु ‘मिळते आहे ते पुष्कळ आहे’ ही वतनाने अंगी लावलेली सवय अद्याप अनेक घरांतून गेलेली नाही. त्या सवयीविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे.

किती मिळकत पुरेशी, हा प्रश्न कायद्याने कोणाच्या मर्जीवर सोडलेला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असता बाबासाहेबांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडले व १९४८ साली त्याचा कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदाने राज्यावर याहून मोठी जबाबदारी टाकली. कामगाराला निर्वाहापुरते वेतन तर मिळावेच, पण त्याचे जीवनमान चांगले असावे, त्याला फुरसत असावी आणि सामाजिक व सांस्कृतिक संधीही लाभाव्यात, असे त्या अनुच्छेदाचे सांगणे आहे. कष्टकऱ्याच्या फुरसतीला घटनेत स्थान मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

या तत्त्वाला आकडे दिले ते १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने. एका कमावत्या माणसामागे तीन प्रौढांइतका खर्च धरावा, प्रत्येक मापास दिवसाला २७०० कॅलरीचा आहार, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ बाबींसाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा, अशी ती मोजणी आहे. तीत आणखी एक अट आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. हा हिशेब करताना बायकोची व मुलांची कमाई जमेस धरावयाची नाही. म्हणजे बापाचा पगार पुरत नाही म्हणून दहा वर्षांच्या पोराने वीटभट्टीवर किंवा हॉटेलात राबावे, हे कायद्याच्या हिशेबात बसतच नाही. ज्या घरी मुलाची शाळा सुटते, त्या घरी बापाला पुरेसे वेतन मिळत नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावयास हवा.

१९९१ साली रेप्टाकॉस ब्रेट खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या मोजणीत आणखी पंचवीस टक्क्यांची भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ व करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी ती भर आहे.

तरीही हे माप अपुरे आहे. करता पुरुष एक, त्याची बायको आठ दशांश आणि दोन मुले प्रत्येकी सहा दशांश मिळून तीन मापे होतात. घरात सर्वांआधी उठणारी व सर्वांमागून जेवणारी बाई या हिशेबात पुरी एक भरत नाही आणि म्हातारी आई तर मोजलीच जात नाही. २०१९ साली केंद्र सरकारला सादर झालेल्या डॉ. अनुप सत्पथी समितीच्या अहवालाने मापे ३.६ करावीत असे सुचविले आणि जुलै २०१८ च्या भावांनी दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये, हे किमान वेतन सांगितले. शहरातील घरभाड्यासाठी वर फार तर १,४३० रुपये. मुंबईतील कोणत्या वस्तीत त्या भाड्यात खोली मिळते, हे वाचकांनीच सांगावे! आणि २०१७ साली ठरलेली राष्ट्रीय पातळी किती होती? दिवसाला १७६ रुपये. सरकारनेच नेमलेल्या समितीचा आकडा तिच्या दुपटीहून अधिक निघाला.

हे सर्व आकडे उंबरठ्याचे आहेत. सुख उंबरठ्याच्या आत सुरू होते. ते कोठे सुरू होते, याची खूण आम्हाला १९८२ सालच्या एका निकालात सापडते. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरविलेली सक्तीची मजुरी होय. मजूर आपल्या पायांनी कामावर आला असला तरीही! कारण भूक व गरज याही सक्तीच आहेत. यावरून आम्ही असे म्हणतो की, ज्या मिळकतीमुळे माणसाला अपमानाचे काम नाकारता येते, तेथून सुखाला आरंभ होतो.

परंतु नाकारण्याची ही शक्ती आपणही आपल्या हातांनी गमावीत असतो. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली: धन असण्याचे, त्याचा उपभोग घेण्याचे, ऋणमुक्तीचे आणि निर्दोष आचरणाचे. यांतील तिसरे आज आमच्या घरांत दुर्मिळ झाले आहे. वकिलीच्या व्यवसायात आम्ही पाहतो की, मंडप, बँड आणि मानपान यांसाठी काढलेले लग्नाचे कर्ज फिटण्याआधी त्या लग्नातील मूल शाळेत जाऊ लागते. ज्याचा निम्मा पगार हप्त्यांत जातो, तो साहेबासमोर मान वर करून कसा बोलणार? साध्या विधीने लग्न लावण्याची रीत आपण स्वीकारली आहे. खर्चही त्या रीतीला शोभेल असाच असावा.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे की, या महिन्यात आपल्या घरचा हिशेब कागदावर मांडा. त्यात म्हातारी आई धरा, घरातील बाईला पुरी एक मोजा, मुलांची वह्या-पुस्तके व औषधाची बाटलीही लिहा. मग तो आकडा आपल्या वेतनाशी ताडून पाहा. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे वेतनाची चिठ्ठी देणे मालकावर बंधनकारक आहे; ती मागून घ्या व जपून ठेवा. कमी पैशास राजी असल्याचा कागद कोणी सही करून घेतला असेल तर घाबरू नका. हक्क सोडून देणारा असा करार रद्दबातल असतो. थकलेल्या रकमेसाठी तीन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो आणि तो कामगाराच्या वतीने संघटनेलाही करता येतो.

बलुत्याच्या काळी आपल्या आजोबांना हा हिशेब मांडण्याचा अधिकार नव्हता. तो आपणांस मिळाला आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर घरातील शिकलेल्या मुलीच्या हाती वही द्यावी आणि पहिली ओळ तिच्या आजीच्या नावाने लिहावयास सांगावी.