नत्राचा हिशेब आणि दुधाचा भरवसा

आपला देह ज्या अन्नावर पोसला जातो, त्यातील मोठमोठे रेणू मूठभर मूलद्रव्यांतूनच घडलेले असतात. साखर, पिष्ट आणि तेल-तूप यांत मुख्यतः कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये असतात. प्रथिनांत मात्र चौथे, नत्र, हटकून येते. ते प्रथिनाच्या वजनाच्या साधारण १६ टक्के भरते.

हाच धागा धरून १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्डाल यांनी नत्र मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. नत्राच्या आकड्यास ६.२५ ने गुणावे, दुधासाठी ६.३८ ने, की प्रथिनांचा अंदाज मिळतो. ही रीत जगभर रुजली. तिच्यात एक गृहीतक मात्र दडलेले आहे: पदार्थातील जवळजवळ सारे नत्र प्रथिनांचेच आहे. तारण मालाच्या तपासणीत पोती मोजणे सोपे असते. आत धान्य आहे की भुसा, हे पोते उघडल्याविना कळत नाही.

२००८ मध्ये चीनमध्ये या गृहीतकाचाच गैरफायदा घेतला गेला. दुधात पाणी घातले की प्रथिनांचे प्रमाण घटते. ती घट झाकण्यासाठी मेलामाईन मिसळण्यात आले. न फुटणारी ताटे-वाट्या ज्यापासून बनवितात, तेच हे रसायन. त्याच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग नत्राचा. म्हणून एक ग्रॅम मेलामाईन चाचणीत चार ग्रॅमहून अधिक प्रथिनांचा आव आणते. आकडा जुळला, पोषण नव्हतेच. ती भुकटी तान्ह्या बाळांच्या बाटलीत गेली. मूत्रपिंडांत खडे होऊन सुमारे तीन लाख बालके आजारी पडली, सहा दगावली. त्याच सप्टेंबरात भारताने चिनी दुग्धपदार्थांची आयात थांबविली. २०१० मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने बाळांच्या दूधभुकटीतील मेलामाईनची कमाल मर्यादा किलोमागे १ मिलिग्रॅम ठरविली.

आपल्यापैकी अनेकांचा व्यवहार डाळी, पीठ, दूधभुकटी यांचा आहे. माल घेताना प्रमाणपत्रावरील प्रथिनांचा टक्का कोणत्या चाचणीतून आला, हे अवश्य विचारावे. केवळ नत्र मोजले असेल, तर दुधासारख्या मालात युरिया व मेलामाईन यांची स्वतंत्र तपासणी मागावी. चार पैसे अधिक लागतील. पण आपल्या दुकानातील पुडा कोणाच्या तरी घरी बाळासाठी उघडला जातो, आणि ते घर आपल्या शब्दावर विसंबलेले असते.