दुखावलेल्या ओठांचे काव्य

संस्कृत काव्यशास्त्राने चित्रकाव्याला कधी मानाचे पान वाढले नाही. मम्मटाने काव्याच्या तीन प्रती लावल्या. त्यांत ध्वनिकाव्य उत्तम, गुणीभूतव्यंग्य मध्यम आणि चित्रकाव्य अधम ठरले. आनंदवर्धनाने तर त्याला काव्याची नक्कल म्हटले. हाच निकष पुढे मराठीतील पंडितकवींना लावला गेला आणि मोरोपंतांचे निरोष्ठ रामायण, म्हणजे प-फ-ब-भ-म हे ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेली रामकथा, बुद्धीची कसरत म्हणून बाजूला पडले. हा निकाल पुन्हा तपासावा असे आम्हांला वाटते. तसे वाटायला लावणारा पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आला आहे : युरोपातील हौशी संगणककारांच्या एका वर्तुळातून. त्या वर्तुळाला 'डेमोसीन' म्हणतात.

डेमोसीनचे कूळ फारसे सोवळे नाही. १९८० च्या दशकात कमोडोर ६४ सारख्या घरगुती संगणकांवरील खेळांची कुलुपे तोडून त्यांच्या प्रती वाटणारी मुले होती. खेळ सुरू होण्याआधी आपल्या टोळीचे नाव झळकावे म्हणून ती त्याला एक छोटी हलती, गाती पाटी जोडत. अभंगाच्या शेवटी नाममुद्रा यावी, तशी ही आरंभीची नाममुद्रा. पुढे ती इतकी देखणी झाली की खेळ गळून पडला आणि मुद्रा तेवढी उरली. तिलाच 'डेमो' म्हणू लागले. डेमो ही दृश्य आणि संगीत यांची काही मिनिटांची कृती असते, पण ती चित्रफीत नव्हे. पडद्यावरचे प्रत्येक चित्र आणि कानांवर पडणारा प्रत्येक स्वर यंत्र त्या त्या क्षणी घडवत असते. फिनलंडमध्ये १९९२ पासून 'असेम्ब्ली' आणि जर्मनीतील झारब्र्युकन येथे २०११ पासून ईस्टरच्या सुमारास 'रिव्हिजन' असे मेळावे भरत आले आहेत. तेथे या कृती भल्यामोठ्या पडद्यावर दाखवल्या जातात आणि जमलेले रसिकच मते देऊन क्रम लावतात. पोटापाण्याशी या उद्योगाचा संबंध नाही. प्रतिष्ठा मिळते ती बरोबरीच्यांकडून.

आमचा रोख आहे तो या वर्तुळातील एका विशेष हट्टाकडे. ज्या यंत्राकडून कोणी कलेची अपेक्षा करणार नाही, नेमक्या त्याच यंत्रासाठी डेमो रचायचा हा तो हट्ट. त्याचा ठळक नमुना म्हणजे हॉर्नेट, सीआरटीसी आणि डिझायर या गटांनी मिळून केलेली '८०८८ एमपीएच' ही कृती. २०१५ च्या रिव्हिजनमध्ये जुन्या यंत्रांच्या गटात तिला पहिला क्रमांक मिळाला. यंत्र होते १९८१ चा आयबीएम पीसी : कचेरीतले हिशेब आणि टंकलेखन यांसाठी घडवलेला, सेकंदाला ४७.७ लाख ठोके देणारा, आणि एका सुरापलीकडे फारसे काही न येणारा भोंगा बाळगणारा. त्याच्या सीजीए या चित्रपत्रिकेत चित्रे काढायच्या नेहमीच्या पद्धतीत एका वेळी चारच रंग मिळत आणि एकंदर रंगपेटीही सोळांचीच. या यंत्रावर त्या मंडळींनी १०२४ रंग दाखवले.

हे कसे साधले ते साहित्याच्या अभ्यासकांनी जाणून घ्यावे असे आहे. अमेरिकन पद्धतीच्या रंगीत चित्रसंकेतात उजेडाची आणि रंगाची माहिती एकाच तारेतून जाते. त्यामुळे अगदी बारीक उभ्या रेघा एकमेकींना खेटून आल्या की पडदा त्यांचा अर्थ 'रंग' असा लावतो. ही गफलत जुनीच, आणि तिचा उपयोग पूर्वीही होत असे. या गटांनी ती अक्षरे दाखवण्याच्या पद्धतीला लावली. पडद्याची मांडणी अशी बदलली की प्रत्येक अक्षराच्या माथ्यावरची एखाददुसरी ओळच दिसावी. मग योग्य माथ्यांची अक्षरे निवडून, त्यांचे आणि त्यांच्या पार्श्वभूमीचे रंग पालटून, त्यांनी अक्षरांचेच रंगद्रव्य केले. हे १०२४ रंग चित्रपत्रिकेच्या रंगपेटीत कोठेही लिहिलेले नाहीत. ते पाहणाऱ्या पडद्यात उमटतात. वाच्यार्थात नसलेले काही ग्रहण करणाऱ्याच्या ठायी उमटावे, याला आपल्या परंपरेत काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. तुलना फार ताणू नये हे खरे. तरीही चित्रकाव्याच्या घरात ध्वनीची ही चाहूल लागावी हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

आणखी दोन उदाहरणे पुरेत. स्वीडनच्या लिनस ओकेसन यांनी २००८ मध्ये केलेला 'क्राफ्ट' हा डेमो एटीमेगा८८ या नखाएवढ्या चिपवर चालतो. तिची चालती स्मृती एक किलोबाइटची. पूर्ण चित्र साठवायला ती कोठून पुरणार? म्हणून पडद्यावरची ओळ रेखली जात असतानाच तिचे रंग हिशेबाने काढत जावे लागते. लिहिता लिहिता मागचे पुसले जावे, असे हे लेखन. दुसरे उदाहरण रिफ्लेक्स या गटाच्या २०२१ मधील 'फ्रीस्पिन'चे. कमोडोरचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह मुळात संगणकाचा सेवक, पण त्याच्या पोटात स्वतःचा प्रोसेसर आणि दोन किलोबाइट स्मृती असते. 'फ्रीस्पिन'ची आज्ञावली ड्राइव्हमध्ये भरली की संगणकाची तार काढून टाकतात. तबकडी वाचण्यापुरता असलेला तो डबा मग त्याच तारेतून पडद्याला चित्र पुरवतो आणि वाचणारे शीर्ष सरकवणाऱ्या मोटरच्या घरघरीतून सूर काढतो. धनी उठून गेल्यावर सेवकाने बैठक रंगवावी, तसा हा प्रकार.

यावर आक्षेप ठरलेला आहे : ही चमत्कृती झाली, कला कोठे आहे? आक्षेप पोकळ नाही. फिरणारे घन, न संपणारी बोगदी, सरकती अक्षरे आणि मित्रगटांना धाडलेले नमस्कार यांपलीकडे असंख्य डेमो जात नाहीत. बंधन आले की प्रतिभा जागी होते, हे सुभाषितही आम्हांला मान्य नाही. बंधनात बहुतेक वेळा यमकच जागे होते. प्रश्न आहे तो बंधन कोणते, हा.

येथे दंडीच्या 'दशकुमारचरिता'ची आठवण होते. त्यातील मंत्रगुप्त आपली कथा ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो, कारण प्रेयसीच्या दंतक्षतांनी त्याचे ओठ दुखावले आहेत. मोरोपंतांचे ओठ शाबूत होते. त्यांनी व्रत घेतले होते. दोघांचे बंधन वर्णशः जवळजवळ सारखे, पण एकाचे बाहेरून स्वीकारलेले आणि दुसऱ्याचे देहातून आलेले. मंत्रगुप्ताच्या वाक्यावाक्यात जे नाही ते आदल्या रात्रीची कथा सांगते. डेमोसीनमध्येही हे दोन्ही प्रकार आहेत. चार किलोबाइटांत कृती बसवायची हा स्पर्धेचा नियम म्हणजे व्रत. नियम उठला की तीच कृती ऐसपैस होऊ शकते. अनपेक्षित यंत्रावरचा डेमो मात्र त्या यंत्राच्या दुखऱ्या ओठांतूनच बोलतो. त्याची उणीव काढून घेतली तर सांगण्यासारखे काही उरत नाही. '८०८८ एमपीएच'चा विषय आहे तो पीसीच. त्याचे व्यंग हीच त्या कृतीची वाणी. म्हणून तिला निव्वळ चमत्कृती म्हणणे आम्हांला पटत नाही.

या भूमिकेची किंमत मोजावी लागते, हेही सांगितले पाहिजे. ज्याला ते यंत्र ठाऊक नाही, त्याला पडद्यावर अंधूक चित्रांपलीकडे काही दिसणार नाही. ही कला जाणकार सहृदयाची पूर्वअट घालते. पण कोणती कला घालत नाही? वृत्ताचा कान नसलेल्याला आर्या हे तुटक गद्य वाटते, म्हणून आपण आर्येला दोष देत नाही.

आता जतनाचा प्रश्न. फिनलंडने २०२० मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये डेमोसीनचा समावेश आपापल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत केला. 'अमूर्त' या शब्दाचा अर्थ येथे नेमका आहे : जपायची आहे ती वस्तूपेक्षा परंपरा, करण्याची रीत. प्रत्यक्षात बहुतेकांना डेमो भेटतो तो चित्रफितीच्या रूपात, आणि चित्रफितीत नेमके हेच हरवते. तेथे हजार रंग फुकट असतात. कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपयोगी असते, पण ते कीर्तन नव्हे. उलट '८०८८ एमपीएच' आणि त्याच यंत्रावर २०२२ मध्ये आलेला 'एरिया ५१५०' या कृतींनी जुन्या पीसीची हुबेहूब नक्कल करू पाहणाऱ्या आज्ञावलींच्या लेखकांना पेचात टाकले. ढोबळ नक्कल या कृतींपुढे कोसळत असे, म्हणून त्यांना मूळ यंत्राचा ठोकान् ठोका तपासावा लागला. ही पाठचिकित्साच आहे, आणि तिला भाग पाडले ते एका हौशी कलाकृतीने. जतन व्हायचे तर ते अशा वाचनातून होईल.

आपल्या वर्गांतून पंडितकवी शिकवताना 'कृत्रिम' हा शिक्का मारून पुढचे पान उलटण्याची सवय जुनी आहे. तो शिक्का प्रत्येक ठिकाणी चुकीचा आहे असा आमचा दावा नाही. पण तो मारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हे बंधन नुसते मिरवायला घेतले आहे, की कोणाचे ओठ खरोखर दुखावले आहेत? चित्रकाव्याच्या बरोबरीने एखादा डेमो, शक्य तर खऱ्या यंत्रावर, विद्यार्थ्यांना दाखवला तर हा प्रश्न अधिक नीट कळेल. मम्मटाची उतरंड मोडावी लागणार नाही. तिच्या खालच्या पायरीवर कोण कोण बसले आहे, ते मात्र नव्याने पाहावे लागेल.