छिद्र बुजले, ठोक्यांची नोंद कोण ठेवणार?

वणी - हृदयाला छिद्र असलेल्या बालकांच्या शस्त्रक्रिया शासकीय योजनांतून होऊ लागल्याने ग्रामीण विदर्भातील अनेक कुटुंबांवरील कर्जाचे संकट टळले, हे निर्विवाद आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांमधून जन्मजात दोषाची बालके शोधून काढतात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यभर लागू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने सुरू आहे. मात्र, शस्त्रक्रिया होऊन बालक गावी परतले, की प्रकरण संपले अशीच सर्वांची समजूत असते. यातील काही बालकांच्या बाबतीत ही समजूत जिवावर बेतू शकते.

हृदयाच्या ठोक्यांचे नियमन करणारे विद्युत्‌तंतू खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यातून जातात आणि नेमक्या याच पडद्यातील छिद्र बुजवताना शल्यविशारदाला त्यांच्या शेजारी टाके घालावे लागतात. तंतूंना इजा झाली अथवा सूज आली, तर वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचत नाही आणि ठोके धोकादायकरीत्या मंदावतात. वैद्यकीय परिभाषेत हा ‘हार्ट ब्लॉक’ होय. अशा शस्त्रक्रियांनंतर साधारणतः शंभरात एक ते तीन बालकांना तो होतो. बहुतेकांची सूज ओसरून ठोके पूर्ववत होतात. सात ते दहा दिवसांत तसे न झाल्यास कायमस्वरूपी पेसमेकर बसवावा लागतो. लहान बाळात त्याच्या तारा बहुधा हृदयाच्या बाहेरच्या बाजूस जोडतात आणि यंत्र पोटाच्या त्वचेखाली ठेवतात. त्याची बॅटरी काही वर्षांनी संपते. म्हणजे पहिली शस्त्रक्रिया हीच शेवटची नसते.

पेसमेकरचा इतिहासही या बालकांशीच निगडित आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस येथे डॉ. वॉल्टन लिलेहाय १९५४ पासून बालकांच्या हृदयातील छिद्रे बुजवत होते. हार्ट ब्लॉक झालेल्या मुलांना भिंतीतील विजेवर चालणाऱ्या यंत्राचा आधार दिला जाई. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराचा वीजपुरवठा खंडित झाला आणि बॅटरीवरील यंत्राची निकड तीव्रतेने जाणवली. अर्ल बाक्केन या तंत्रज्ञाने संगीताच्या सरावात लय धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेट्रोनोमची विद्युतरचना आधाराला घेऊन काही आठवड्यांत असे यंत्र तयार केले. कोळसा खाणींनी वेढलेले असूनही भारनियमन सोसलेल्या वणीकरांना त्या रात्रीची भीती वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

रुग्णालयातील बिघाड डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होतो, त्यामुळे त्यावर तातडीने उपाय करता येतो. खरी चिंता आहे ती वर्षानुवर्षांनी उद्भवणाऱ्या बिघाडाची. ‘निळी बाळे’ ज्या विकाराने निळी पडतात, त्या फॅलोट टेट्रालॉजीवर शस्त्रक्रिया झाल्यावर मूल धावू-खेळू लागते. परंतु हृदयातील व्रण तसाच राहतो, उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो आणि त्यातून पंधरा-वीस वर्षांनीही ठोक्यांची घातक गती सुरू होऊ शकते. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ईसीजीवरील क्यूआरएस लहरीची रुंदी १८० मिलिसेकंद वा अधिक झाल्यास हा धोका वाढतो. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस ब्लॉक होऊन तो बरा झालेल्या मुलांतही तो पुढे परतण्याची शक्यता असते. याउलट वरच्या कप्प्यांमधील साधे छिद्र वेळेवर बुजवलेल्या मुलांना असा धोका बराच कमी असतो. तेव्हा सरसकट सर्व पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. आपले मूल कोणत्या गटात मोडते, एवढे मात्र त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

वणीहून चंद्रपूर जवळ, पण जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ, आणि बालहृदयरोगतज्ज्ञासाठी वरोऱ्यामार्गे नागपूर गाठावे लागते. काही कुटुंबे विनामूल्य शस्त्रक्रियेसाठी रायपूरच्या सत्य साई संजीवनी रुग्णालयापर्यंत जातात. शस्त्रक्रियेसाठी एकदा जाणे निराळे आणि मूल ठणठणीत दिसत असताना, कापूस वेचणीच्या हंगामात मजुरी बुडवून दरवर्षी तपासणीला जाणे निराळे. पालकांच्या बेफिकिरीला दोष देणे सोपे आहे; पण हंगाम आणि अंतर यांचा हिशेब त्यात धरला जात नाही.

वास्तविक, दरवर्षीच्या तपासणीचा पहिला टप्पा अत्यंत स्वस्त आहे. ईसीजी काढायला काही मिनिटे लागतात आणि त्याची सोय तालुक्याच्या गावी होऊ शकते. मात्र, एकट्या ईसीजीवरून फारसे कळत नाही. तो गेल्या वर्षीच्या ईसीजीशी ताडून पाहावा लागतो. शस्त्रक्रियेचा कागद, त्या वेळचा ईसीजी आणि ब्लॉक झाला होता काय याची नोंद, एवढे कागद मुलासोबत असले, तर नागपूरचा डॉक्टर फोनवरूनही निर्णय देऊ शकतो. ईसीजीचा कागद कालांतराने फिकट होतो, म्हणून त्याची छायाप्रत काढून ठेवणे इष्ट.

लक्षणांच्या बाबतीतही गफलत होते. अशा मुलाला अकस्मात चक्कर आली, तर ऊन लागले असे समजले जाते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ते स्वाभाविकही आहे. बेशुद्ध पडला तर फेफऱ्याचे औषध सुरू होते. तान्ह्या बाळाला छातीत धडधड सांगता येत नाही. ते दूध पिईनासे होते, घामाघूम होते, निस्तेज दिसते. छातीवर उभा व्रण असलेले कोणतेही मूल खेळताना कोसळले, तर ईसीजी काढल्याविना त्याला घरी पाठवू नये, एवढी सूचना शाळांना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना देण्यास कोणत्याही निधीची आवश्यकता नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची आहे. फॅलोट टेट्रालॉजीचा घातक बिघाड बहुधा त्याच सुमारास किंवा त्यानंतर डोके वर काढतो. तोवर मुलगा पुण्याला कामाला गेलेला असतो, मुलगी सासरी नांदत असते आणि शस्त्रक्रियेची फाईल वणीतील घरात ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते.