भरतीची कारणे आणि शाल-श्रीफळ

फौजेत माणूस का जातो, याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. 26 जुलैला, कारगिल विजय दिनी, नाशिकच्या इंदिरानगरात कुठे ना कुठे माजी सैनिकांचा सत्कार असतो. सूत्रसंचालक माइक पुढे धरतो आणि 'देशसेवा' ऐकायला कान टवकारतो. निवृत्त हवालदार तो शब्द मुकाट्याने देऊन टाकतो. खरे कारण बहुधा कोरडवाहू जमीन, पाठची भावंडे, महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि पुढची पेन्शन हे असते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजायचे असेल तर प्रश्न तसा विचारणाऱ्याने.

कारणे काळागणिक बदलली. साताऱ्याच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धावर गेलेल्यांपैकी 46 जण परतले नाहीत, तरी गावाने पलटण सोडली नाही. तिथे बापजादे फौजेत होते एवढे पुरते. महारांना फौजेने अक्षर आणि मान दिला. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवत, त्यांच्या घरातून डॉ. आंबेडकर घडले. इंग्रजांनी हे दार मध्येच बंद केले. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 मध्ये, बेळगावला. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर मात्र निव्वळ देशासाठी गेलेले तरुणही पुष्कळ. त्याच लाटेत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण 1963 मध्ये नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले.

भरतीच्या रांगेतले कारण मोर्च्यावर मात्र कामाला येत नाही. तिथे शेजारचा जोडीदार आणि पलटणीची इज्जत, एवढेच उरते. नाशिककरांना त्यातला एक वेगळा पदर कळायला हवा, कारण देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे आणि निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालेले तोपचीही आहेत. तोपचीला शत्रू बहुधा दिसतच नाही. पुढे डोंगरावर बसलेला निरीक्षक रेडिओवर अंतर-दिशा सांगतो, तोफ बोलते आणि गोळा वीस-पंचवीस किलोमीटरवर पडतो. कारगिलमध्ये बोफोर्सने शिखरे भाजून काढली, ती पुष्कळदा अशीच. आपल्या हातून किती माणसे गेली हे ठाऊक नसणे, हा त्या युद्धाचा हिशेब. शौर्याची गोष्ट मागणाऱ्या श्रोत्यांना तो सांगता येत नाही, म्हणून तोपची थंडीबद्दल बोलतो.

तेही पुरते बोलू दिले जात नाही. व्यासपीठावर मधल्या खुर्च्या इच्छुक उमेदवारांच्या, सैनिक कडेला. शाल पाच जण मिळून घालतात, फोटोत सैनिकाचा खांदा तेवढा येतो. 'थोडक्यात' अशी चिठ्ठीही त्यालाच जाते. चाळीस मिनिटे बोलणाऱ्या नेत्याला ती देण्याची हिंमत आयोजकांत नसते. एकाहत्तरच्या लढाईवर बोलणाऱ्या म्हाताऱ्याला चहा निवतोय म्हणून खाली बसवणे हा सत्कार नव्हे.

भरतीच्या कारणांच्या यादीतून एक कारण आता गळाले आहे. 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवान कायम होतात. बाकीचे सेवानिधीची एकरकमी रक्कम घेऊन घरी परततात. त्यांना पेन्शन नाही.