बेने इस्राएलांचे पूर्वज कोठें शोधावे ?

आम्ही दरवर्षीं नव्या वर्गास पहिल्या तासाला एक प्रश्न विचारीत असतों : तुमच्या पणजीचें माहेर कोणतें ? पणजोबांचें नांव दोघेतिघे तरी सांगतात; पणजीच्या माहेरापाशीं मात्र सारा वर्ग मुका होतो. मुलें हंसतात, आम्हीही हंसतों, आणि धडा सुरू होतो. परंतु हाच प्रश्न आपल्या कोंकणांतून गेलेल्या एका समाजास असा विचारण्यांत आला होता कीं, उत्तर न आल्यास लग्नच अडावें. त्या समाजाविषयीं, व पूर्वजांचा शोध कशाकरितां करावा याविषयीं, आमचें मत येथें मांडावयाचें आहे.

बेने इस्राएल म्हणजे पूर्वींच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील मराठी बोलणारे यहुदी. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारीं घाणा बंद. म्हणून गांवकरी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा अशी कीं, प्राचीन काळीं अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्याशीं एक गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, आणि धर्मग्रंथ समुद्रांत गेले. हें केव्हां घडलें याविषयीं एकमत नाहीं. कित्येकांनीं तर इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांपर्यंत धांव घेतली आहे. आम्हांस ही धांव फारशी रुचत नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वींच्या गलबताविषयीं हिरीरीनें वाद घालणाऱ्यास आपल्या आजीच्या आईचें नांव ठाऊक नसावें, हें कांहीं भूषण नव्हे.

शोधास आरंभ करावयाचा तो आडनांवापासून. रोहेकर, पेणकर, दिवेकर, नागांवकर, केहीमकर : प्रत्येक आडनांवांत एक गांव दडलेलें आहे, आणि अशीं आडनांवें शंभराहून अधिक आहेत. त्यानंतर नांवें. जुन्या कागदांत सॅम्युएलचा सामाजी होतो, ईझिकेलचा हसाजी. हें ज्यास माहीत नाहीं त्याच्या समोर प्रत्यक्ष पूर्वज उभा राहिला तरी ओळख पटावयाची नाहीं. १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें सभास्थान बांधणारे, कंपनी सरकारच्या पलटणींतील अंमलदार सॅम्युएल ईझिकेल दिवेकर, हे सामाजी हसाजी दिवेकरच होत. त्या सभास्थानास लोक जुनी मशीद म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचें नांव त्यावरूनच पडलें, असें सांगतात. हिंदु घराण्यांस तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, छापील कुलवृत्तान्त आहेत. यांस सभास्थानांचीं दफ्तरें, लग्नाचे करारनामे, पलटणींच्या याद्या, आणि दगड. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनीं समाजाचा इतिहास १८९७ सालीं लिहून पुरा केला, पण तो तेल अवीव येथें छापून निघण्यास १९३७ साल उजाडलें. तोंवर ग्रंथकार हयात नव्हते.

दगडांवरून आठवलें. दोन वर्षांपूर्वीं इस्राएलहून आलेल्या एका बाईंबरोबर आम्ही अलिबागेच्या बाजूस एका जुन्या कबरस्तानांत गेलों होतों. बरोबर त्यांचा पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा होता. गुडघाभर गवत सारल्यावर एक दगड सांपडला. वर हिब्रू लेख, खालीं मराठी. मुलानें वरच्या ओळी घडाघडा वाचल्या, पण खालचें एक अक्षर त्यास उमगेना. आम्हांस खालचें येत होतें, वरचें अगम्य. आणि मृत स्त्री कोणाची कन्या, कोणाची पत्नी, गांव कोणतें, हें सारें खालींच होतें. आम्ही मोठ्यानें वाचून दाखविलें. बाई थोडा वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "आई हें सगळं सांगायची हो सर, पण तेव्हां आम्हांला ऐकायला सवड नसे." डॉ. जॉन विल्सन या मिशनरी पंडितांनीं १८३२ सालीं हिब्रूचें व्याकरण मराठींत प्रसिद्ध केलें होतें. तेव्हां मराठीच्या आधारानें हिब्रू शिकावें लागे. आतां त्या मुलास हिब्रूच्या आधारानें मराठी शिकावें लागणार.

आतां तो लग्नाचा प्रश्न. १९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढील वर्षांत यांपैकीं बहुतेक लोक तिकडे गेले. १९६१-६२ च्या सुमारास तेथील मुख्य धर्मपीठाची आज्ञा निघाली कीं, बेने इस्राएलांपैकीं कोणाचा इतर यहुद्यांशीं विवाह लावण्यापूर्वीं त्याच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. आईची आई, मग तिची आई ! कोंकणांतील तेल्याच्या बायकोचें माहेर कोणत्या दफ्तरांत लिहिलेलें असणार ? लोक संतापले, निदर्शनें झालीं, आणि १९६४ सालीं हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असें सरकारला जाहीर करावें लागलें. येथें एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. याच समाजांत पूर्वीं गोरे व काळे असा भेद होता. बाहेरच्या स्त्रीपासून झालेल्या संततीस काळे इस्राएल म्हणत व त्यांच्याशीं बेटीव्यवहार करीत नसत. घरांत जी काठी चालत होती, तीच परदेशीं स्वतःच्या पाठीवर बसली.

वंशावळीची ही काठी जुनीच आहे. बाबेलहून परतलेल्या कांहीं याजकांस नोंदींत आपलीं नांवें सांपडलीं नाहींत, म्हणून ते याजकपदास मुकले, हें एज्राच्या पुस्तकांत आहे. परंतु दावीद राजा आमच्या वर्गांत असता, तर पणजीचें माहेर त्यास मवाब देशांत सांगावें लागलें असतें. रूथ कांहीं इस्राएली नव्हती. म्हणून आमचें मत असें कीं, पूर्वज शोधावे ते ओळख करून घेण्यासाठीं. कोणाची शुद्धता तपासण्यासाठीं नव्हे. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासांत या समाजाचे पूर्वज यहुदी व भारतीय असे दोन्ही असल्याचें दिसून आलें. आम्हांस त्याचें नवल वाटलें नाहीं. त्या दगडावर दोन्ही लिपी होत्या. शिवाय अशा परीक्षेंतून कोणा आजीचें नांव कळत नाहीं. तें कळावयाचें तर दगडच वाचावे लागतील, आणि ते दर पावसाळ्यास थोडथोडे पुसट होत आहेत.

म्हणून एक विनंति. ज्या मुलांचें आजोळ अलिबाग, पेण, रोहें, मुरूड, पनवेल या बाजूस आहे, त्यांनीं सुटींत घरच्या वडील मंडळींस विचारावें कीं, गांवांत इस्राएलांचें जुनें कबरस्तान आहे काय. असल्यास वडिलांस बरोबर घेऊन जावें, दगडांस खडू किंवा तेल न लावतां मराठी ओळी वहींत जशाच्या तशा उतरून घ्याव्या, चुकीचें दिसणारें अक्षरही सुधारूं नये. हिब्रू ओळींचें छायाचित्र काढावें. त्या वाचून देण्याचें तो मुलगा कबूल करून गेला आहे.