हिरवा दिवा

माझं भांडण सुताराशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या दारावर पडद्याचा रॉड बसवताना त्याच्या ड्रिलनं चोरघंटेची वायर तोडली. पण भिंतीच्या पोटातलं त्याला दिसणार कसं? 'साहेब, मी काही केलं नाही!' असं तो बिचारा स्टुलावरून ओरडलाही म्हणे. भोंग्याच्या आवाजात आम्हांला फक्त त्याचं तोंड हलताना दिसलं.

माझं भांडण आहे ते चौथ्या दिवशी उगवलेल्या मेकॅनिकशी. त्यानं पेटी उघडली, दोन मिनिटं आत काहीतरी केलं नि हिरवा दिवा लावला. 'झालं काका.' साडेसहाशे रुपये. वर आम्ही चहा पाजला.

आमची आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. पहाटे पाचला ती तुळशीला पाणी घालायला मागचं दार उघडते. त्याआधी चार आकडे दाबायचे असतात, ते विसरते. मग सगळी बिल्डिंग ब्राह्ममुहूर्तावर उठून बसते. या दुरुस्तीनंतर मात्र आठ दिवस सगळं कसं शांत! 'आईंना जमलं एकदाचं,' सौभाग्यवती म्हणाल्या. नवव्या दिवशी मी आईचं कौतुक करायला गेलो.

'कसले आकडे?' आई म्हणाली. 'मला वाटलं, तूच बंद करून टाकलंस ते कार्टं.'

मी थंडच पडलो. त्या आठांतली एक रात्र आम्ही दोघं नाशिकला लग्नाला होतो. यंत्र चालू केलं होतं, 'आता काळजी नाही' असं आईला सांगितलं होतं, आणि ती घरात एकटी होती.

या यंत्राचं गणित फार सोपं आहे हो. दाराला लोहचुंबक, चौकटीत काचेच्या नळीतली दोन पात्यांची कळ. (बेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या एलवूड नावाच्या गृहस्थानं १९३६ साली काढलेली.) दार बंद असेतो पाती चिकटलेली राहतात आणि पेटीतून निघालेला बारीकसा प्रवाह फेरी मारून परत येतो. दार उघडलं किंवा वायर तुटली, की तो परतत नाही नि पेटी बोंब ठोकते. फेरीच्या पार टोकाला, दाराजवळ, गव्हाच्या दाण्याएवढा रेझिस्टर असतो. ती पेटीची खूण. मधेच कुणी दोन तारा जोडून फसवू पाहिलं, तर खूण पटत नाही. आमच्या कलावंतानं तसलाच रेझिस्टर थेट पेटीच्या दोन स्क्रूंमध्ये आवळला होता आणि दाराच्या वायरी मागे दुमडून ठेवल्या होत्या. दार चौकटीसकट पळवलं असतं, तरी दिवा हिरवाच!

याला आपल्याकडे दुरुस्ती म्हणतात. फ्यूज सारखा उडतो? जाड तार घाला. लिफ्टचं दार नीट लागत नाही म्हणून ती चालत नाही? दाराची कळच जोडून टाका. ओरडणाऱ्याचा गळा दाबला, की रोग बरा!

फोन केला तर तिकडून प्रश्न, 'लाइट ग्रीन आहे ना? मग?' आवाज चढवल्यावर, 'पूर्ण सिस्टिम बदला, वायरलेस घ्या, बावीस हजार.' साडेसहाशेची फसवणूक किंवा बावीस हजारांची खरेदी. अधलंमधलं काही त्यांच्या दुकानात नव्हतंच.

शेवटी रविवारी मीच बसलो. मेन स्विच बंद केला, आतली बारा व्होल्टची बॅटरीही सोडवली. (ही विसरलात तर वीज घालवूनही पेटी जिवंतच.) वायरीची दोन्ही टोकं ओढली तर दोन इंच कमी, म्हणून मधे तुकडा घातला. रंगाला रंग जोडला, सांधे एकमेकांना टेकू नयेत म्हणून मागेपुढे घेतले, डाग दिला. मग लक्षात आलं, की वरून घालायची आक्रसणारी नळी डाग देण्याआधी ओवायची असते. चारही सांधे पुन्हा तोडले. चिकटपट्टी गुंडाळायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू! पण मग त्या मेकॅनिकला शिव्या कुठल्या तोंडानं देणार? पेटीतला उपरा रेझिस्टर काढला, मीटर लावून दाराजवळचा मूळचा शाबूत असल्याची खात्री केली आणि दाराच्या वायरी पुन्हा स्क्रूंत बसवल्या.

सोमवारी पहाटे पाचला भोंगा वाजला. वरच्या मजल्यावरून नेहमीची गर्जना आली, 'अहो, बंद करा ते!' आई तांब्या घेऊन दारात उभी होती.

'अगं बाई,' ती म्हणाली, 'सुरू झालं वाटतं पुन्हा.'