बाळ गप्प झालं तर...

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेबाच्या वह्या बाजूलाच राहिल्या आणि विषय निघाला नऊ महिन्यांच्या एका बाळाचा. "परवापर्यंत दिवसभर बाबाबा, दादादा चालायचं. आता आठ दिवस झाले, तोंडातून आवाज नाही हो," त्याची आई रडवेली होऊन म्हणाली. झालं! सल्ल्यांचा पाऊस सुरू. "नजर लागली असेल, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक." "वेखंड उगाळून जिभेला लाव." "दात येत असतील." आणि शेवटी नेहमीचंच, "अगं, मुलगे उशिराच बोलतात."

मी मात्र गप्प बसले. कारण हे शेवटचं वाक्य एकेकाळी माझंच होतं आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजली.

मैत्रिणींनो, बाळाचं बोलणं काही पहिल्या 'आई' या शब्दापासून सुरू होत नाही. दोन-तीन महिन्यांचं बाळ आपल्याकडे बघून हुंकार देतं, 'आगूं' करतं. साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान बाबाबा, मामामा अशी अक्षरांची माळ लागते. वर्षाच्या आसपास एखादा अर्थाचा शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत 'दूध दे', 'बाबा गेले' अशी दोन शब्दांची जोडी जमते. थोडं मागेपुढे होतंच. सगळ्या पोळ्या कुठे एकाच वेळी फुगतात?

या प्रवासात बाळ मध्येमध्ये थांबतं. पण सगळे थांबे सारखे नसतात, हे आपण आयांनी ओळखायला हवं.

पहिला थांबा अगदी छोटा, काही क्षणांचा. बाळ 'आगूं' म्हणतं आणि आपल्या तोंडाकडे बघत राहतं. ते उत्तराची वाट बघत असतं! एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकायचं, ही संवादाची रीत ते तिथेच शिकतं. आपण मात्र एका हातात लाटणं आणि दुसऱ्यात मोबाईल घेऊन तो क्षण घालवतो. बाळाने आवाज काढला की आपण बोलावं, मग थांबावं, त्याला पुन्हा बोलू द्यावं. याला पैसा लागत नाही की शिक्षण. आपल्या आज्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना हेच तर करायच्या. मोबाईलमधलं गाणं कितीही गोड असलं तरी ते बाळासाठी थांबत नाही आणि त्याला उत्तरही देत नाही.

दुसरा थांबा काही दिवसांचा. माझी लेक अकरा महिन्यांची असताना अशीच तीन आठवडे जवळजवळ मुकी झाली. माझा जीव खाली-वर. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, ती पाय शिकतेय, तोंडाला सवड कुठे आहे?" आणि खरंच, धरून धरून चालणारी पोरगी हात सोडून चालू लागली आणि तिची बडबड दुपटीने परत आली. एखादं नवं काम शिकण्यात बाळ गुंतलं की बडबड थोडी मागे पडू शकते. पण या काळातही ती हाक मारली की वळत होती, हसत होती, बोटाने चांदोबा दाखवत होती, टाटा करत होती. हे फार महत्त्वाचं.

तिसरा थांबा मात्र वाट बघण्याचा नसतो. शेजारच्या सुनेने मला विचारलं होतं, "काकू, हा हल्ली काहीच आवाज काढत नाही हो." बाळ होतं दहा महिन्यांचं. मी बी.ए. झालेली, चार बायकांत सल्ला देणारी. ऐटीत म्हणाले, "बोलेल गं. ताटली वाजवली की दचकतो ना? मग झालं." दोन वर्षं उलटली तरी बोलेना तेव्हा कुठे तपासणी झाली आणि कळलं की त्याला ऐकूच फार कमी येतंय. ताटलीचा दणका त्याच्यापर्यंत पोहोचत होता, आईचं बोलणं पोहोचत नव्हतं. आणि ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने आवाज काढतं, त्यामुळे घरच्यांची फसगत होते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मशीन मिळालं, बोलण्याचे धडे सुरू झाले. मुलगा आज सातवीत आहे, हुशार आहे. पण अजूनही त्याचं बोलणं परक्या माणसाला दोनदा विचारावं लागतं. त्याच्या आईने मला कधीच बोल लावला नाही. तेच जास्त लागतं.

म्हणून आता मी प्रत्येक आईला सांगते. वर्षाचं झालं तरी बाबाबा-मामामा नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही. सव्वा-दीड वर्षाचं झालं तरी एक शब्द नाही. दोन वर्षांला दोन शब्दांची जोडी नाही. हाक मारली तर वळत नाही, नजरेला नजर देत नाही, तर थांबू नका. आणि आलेले शब्द परत गेले, तर कुठल्याही वयात लगेच दाखवा. तसं होणं हे स्वमग्नतेचंही लक्षण असू शकतं. बाळ कमी दिवसांचं असेल, काचेच्या पेटीत ठेवलेलं असेल, कावीळ फार वाढली असेल किंवा नात्यातलं लग्न असेल, तर कानाची तपासणी आधीच करून घ्यावी. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्याआड पाणी साठलं तरी ऐकणं मंदावतं, पण त्यावर उपाय आहेत.

टाळी वाजवून घरी केलेल्या परीक्षेवर विसंबू नका. बाळ हाताची हालचाल बघूनही वळतं. ओएई आणि बेरा या तपासण्या बाळ झोपलेलं असताना होतात, त्यात दुखत नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं डॉक्टर सांगतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पालघरहून. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासायला येतं. त्या दिवशी बाळाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी आशाताईकडे करा. मुंबईत वांद्र्याला तर वाचा आणि श्रवण यासाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. आणि हो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, त्यातून जिवावरचं दुखणं होऊ शकतं.

बैठकीतल्या त्या बाळाचं काय झालं? ते हाकेला वळत होतं, खुर्ची धरून उभं राहायला शिकत होतं. तरीही आम्ही त्याला घेऊन गेलो. कान उत्तम निघाले आणि दहाच दिवसांत त्याचं 'दादादा' पुन्हा सुरू झालं. "उगाच खेप झाली," त्याची आजी म्हणाली.

मी म्हटलं, "आजी, अशा उगाच खेपा शंभर होऊ देत. एक चुकली, ती मला अजून विसरता येत नाही."